चार हजार एकशे बारा घरांच्या वतीने

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या उजवीकडच्या घराची घंटा वाजली आणि दार कोणी उघडलं नाही. आत चार माणसं होती. चौघंही आवरून तयार होती आणि दारापासून चार पावलांच्या आत उभी होती. घरात माणसं किती, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं, आणि घंटा वाजवणारी बाई नेमकं तेच विचारायला आली होती.

तिला इमारतीत सगळे मोजणीताई म्हणतात. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत ती कामाला आहे. दर तीन वर्षांनी ती ठरलेल्या त्याच घरांत जाते आणि तेच प्रश्न विचारते. घरात कोण राहतं, कोण आलं, कोण गेलं, कोण आजारी पडलं, कोणाचं बरं चाललंय आणि कोणाचं नाही. खांद्यावर वजनकाटा, बगलेत उंची मोजायची घडीची काठी, पिशवीत रक्तदाब बघायचं यंत्र आणि उत्तरं भरायचा टॅब. या घरात तिची ही पाचवी फेरी होती.

दारावर पितळी पाटी आहे. तिच्यावर आडनाव आहे, आणि त्याखाली, आडनावापेक्षा मोठ्या अक्षरांत, ‘क्षमता : ४,११२ घरे’.

या पाटीला मोजणीताईच जबाबदार आहे. बारा वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी, तिने हे दार वाजवलं होतं. घरच्या कर्त्यांनी साखळी न काढता फटीतून सांगितलं होतं, “आम्हाला काही घ्यायचं नाही.” दार लागता लागता ती घाईने म्हणाली होती, “काका, तुमचं एक घर चार हजार एकशे बारा घरांच्या वतीने बोलतं.” वाक्य खरं होतं. पुस्तिकेत ते होतं, पण हिशेब करणाऱ्यांसाठी होतं. दारात म्हणायचं नव्हतं. दार थांबलं. मग साखळी निघाली.

कर्ते तेव्हा लिफ्ट दुरुस्त करायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणतात. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि ही गोष्ट त्यांना आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी जिन्यात ऐकवतं. त्यांचं सगळं आयुष्य पाटीवरच्या आकड्याने चाललं. ‘सहा माणसे’ असं लिहिलं असेल तर सहा. सातवा साहेब असला तरी बाहेर. तेव्हा चार हजार एकशे बारा घरं आपल्या भरवशावर आहेत असं एका सरळ चेहऱ्याच्या मुलीने सांगितल्यावर त्यांनी तो आकडा तसाच घेतला, दोरखंडाने भार घ्यावा तसा. त्यांनी सिगरेट घेतली की चार हजार एकशे बारा घरांतले कर्ते सिगरेट घेतात. ते जिन्यात घसरले की तेवढेच जिन्यात घसरतात. सिगरेट त्या संध्याकाळीच सुटली. त्याआधी बारा वर्षं त्यांची बायको त्याच गोष्टीसाठी घसा फोडून बोलत होती.

मंगळवारी आत भांडण चाललं होतं ते मुलीवरून. मुलगी चोवीस वर्षांची आहे, दातांच्या कवळ्या बनवते. नऊ तासांवरच्या एका शहरात, मोठ्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं होतं. बुधवारी सकाळी हजर व्हायचं. बस मंगळवारी दुपारी चारची.

“मोजणी झाल्यावर जा,” लिफ्टकाका म्हणत होते. “उद्या जा. परवा जा.”

“मोजणी आज आहे बाबा, हजेरी उद्या आहे. दारात उभ्या आहेत त्या.”

“तू गेलीस की चार हजार एकशे बारा मुली बॅगा उचलतील. एवढ्या बस आहेत का?”

“माझं तिकीट आहे. त्यांचं त्या बघतील.”

“आधी दार तर उघडा,” बायको म्हणाली. ती घरी कपडे दुरुस्त करते, आणि तेव्हा तिच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. तिच्या बोलण्याला त्यांचा कधी अडथळा होत नाही. “बाई वजनकाटा घेऊन तीन मजले चढून आलीय.”

दहा वाजून वीस मिनिटांनी दार मामाने उघडलं. मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो नऊ वर्षांपूर्वी दोन आठवड्यांसाठी आला होता, डोळे दाखवायला. डॉक्टर अजून ठरलेला नाही. मोजणीच्या तीन फेऱ्यांत तो हजर होता आणि तिन्ही वेळा लिफ्टकाकांनी त्याची नोंद ‘पाहुणा’ अशी करून घेतली. मोजणीताई विचारायची, किती दिवस राहणार? मामा प्रामाणिकपणे सांगायचा, दोन आठवडे. संस्थेच्या नियमाप्रमाणे घरचं माणूस म्हणजे जे सहा महिने राहिलं आहे आणि पुढेही राहणार आहे ते. पुढेही राहणार असं मामा कधी म्हणाला नाही. त्याला तसं म्हणू दिलं नाही.

“एक मेहुणा घरी लिहिला,” लिफ्टकाका सांगत, “की चार हजार एकशे बारा घरांत एकेक मेहुणा कायमचा. लोकांचे तळतळाट मी घेऊ?”

“या, या,” मामा मोजणीताईला म्हणाला. “बसा. आपलंच घर समजा.”

“हे कोण बोलतंय बघा,” लिफ्टकाका म्हणाले. “एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली.”

“चौथ्या दिवसाचं म्हणीत काही नाही, भाऊजी. मी केव्हापासून वाट बघतोय.”

दारातच एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती. मोजणीताई तिला वळसा घालून आत आली. ट्रंक मुलीची होती, हे विचारावं लागलं नाही, कारण लिफ्टकाका लगेच जाऊन तिच्यावर बसले.

या घराची एक रीत आहे. लिफ्ट नसल्यामुळे गावाला जाणाऱ्याचं सामान लिफ्टकाकाच तीन मजले खाली नेतात. सासरे आले आणि गेले, नणंद आली आणि गेली, सगळ्यांची सामानं त्यांनीच उतरवली. दुसऱ्याने हात लावला की ते म्हणत, “तुम्हाला भार कळत नाही.” ही ट्रंक मात्र आपण उचलणार नाही असं त्यांनी रविवारीच जाहीर केलं होतं.

पहिला तास शिडीत गेला. मोजणीत एक चित्र दाखवतात. दहा पायऱ्यांची शिडी. सगळ्यात वर ज्यांचं सगळ्यात बरं चाललंय ते, सगळ्यात खाली ज्यांचं सगळ्यात वाईट. तुमचं घर कुठल्या पायरीवर? बाकीच्या घरांत याला अर्धं मिनिट लागतं. इथे लिफ्टकाका दार उघडून जिन्यात हाक मारतात, कारण चार हजार एकशे बारा घरांच्या वतीने एकट्याने बोलणं त्यांना पटत नाही, आणि त्यांतली निदान दोन घरं याच जिन्यावर असणार असा त्यांचा तर्क आहे.

तळमजल्यावरचा इस्त्रीवाला वर आला, त्याच्यामागून दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई.

“तीन लिहा,” इस्त्रीवाला म्हणाला. “मागच्या वेळी तुम्ही पाच सांगितलंत. त्यानंतर माझं पाचसारखं काहीच झालं नाही.”

“पाच म्हणजे जेमतेम,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “सहा लिहावं. माणसाने स्वतःला जेमतेम म्हणू नये.”

“तुम्हाला काय, तुमच्या गॅलरीत ऊन येतं.”

“ऊन सगळ्यांना येतं. तुम्ही दुकानावर पत्रा लावलात.”

“आणि मला कितव्या पायरीवर धरताय?” मामाने विचारलं.

“पाहुण्याला पायरी नाही,” लिफ्टकाका म्हणाले. “पाहुणा शिडीच्या बाजूला उभा राहतो.” त्यांनी तीन आणि सहा कागदावर मांडले आणि साडेचार असं उत्तर काढलं. मोजणीताईने सांगितलं की अर्धी पायरी लिहिता येत नाही. टॅबमध्ये तशी सोयच नाही.

“मग साडेचारवरची माणसं कुठे उभी राहतात?”

“ती चार किंवा पाच निवडतात.”

“एक पाय इथे, एक पाय तिथे,” बायको शिवणाच्या खोलीतून म्हणाली. “मला विचारा ना. मी तशीच उभी आहे.”

पाच लिहिलं गेलं. इस्त्रीवाला नापसंती नोंदवून खाली गेला. मास्तरीणबाई थांबल्या, कारण आता रक्तदाब घ्यायचा होता आणि तो त्यांना बघायचा असतो.

लिफ्टकाका मोजणीच्या आधी तीन आठवडे मीठ कमी करतात, लवकर झोपतात, सकाळी जिना दहा वेळा चढतात-उतरतात. मोजणी संपली की त्याच दिवशी तळलेलं खातात. या वेळीही तयारी झाली होती. तरी यंत्राने पहिल्यांदा एकशे छप्पन्न दाखवलं. नियमाप्रमाणे पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं, तेव्हा एकशे बासष्ट.

“हे माझं नाही,” लिफ्टकाका म्हणाले. “हे या ट्रंकेचं आहे.”

“ट्रंकेवरून उठा, मग बघू,” मुलगी म्हणाली.

ते उठले नाहीत. तिसऱ्यांदा एकशे अठ्ठावन्न. मोजणीताईने दवाखान्यात दाखवून घ्यायची छापील चिठ्ठी दिली. लिफ्टकाकांनी ती दोनदा वाचली आणि चार हजार एकशे बारा लोकांना एकदम चिठ्ठ्या गेल्या तर दवाखान्यातल्या बाकांचं काय होईल, असं विचारलं.

पुढचा प्रश्न दातांचा होता. खालचे अकरा स्वतःचे, वरची पूर्ण कवळी. चावताना त्रास होतो का?

“नाही. हिने केलीय,” त्यांनी मुलीकडे न बघता अंगठा दाखवला. “दर चार महिन्यांनी ही घासून बसवून देते. आता विचारा तिला, कवळी सैल झाली तर मी काय करायचं ते.”

“मामाला कानस दिलीय. कुठे किती घासायचं ते लिहून दिलंय.”

“मामाला? जो चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतो त्याला?”

“तो एकदाच झाला प्रकार,” मामा म्हणाला.

“नऊ तासांवर आहे, बाबा. या तुम्ही बसने.”

“नऊ तास न चावता येऊ?”

मास्तरीणबाईंनी आपला रक्तदाब घेणार का असं विचारलं. त्यांचं घर यादीत नाही, असं त्यांना चौथ्यांदा सांगण्यात आलं.

जेवणानंतर, एकच्या सुमारास, एकेकट्याशी बोलायचे प्रश्न सुरू झाले. नियम असा की मोठ्या माणसाने स्वतःची उत्तरं स्वतः द्यायची आणि तेव्हा खोलीत दुसरं कोणी नको. दिवसभरात लिफ्टकाका ट्रंकेवरून उठले ते इथे पहिल्यांदा, कारण नियम हा त्यांचा कच्चा दुवा आहे. ते बाहेर जिन्यात जाऊन बसले. मामाही गेला, पाहुणा म्हणून त्याला प्रश्नच नव्हते.

आधी बायको. मोजणीताईने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि प्रश्न काढायच्या आधी हळूच म्हणाली, “वहिनी, मी त्यांना आज खरं सांगणार आहे. तो आकडा म्हणजे फक्त हिशेबाची सोय असते. हे घर बदललं म्हणून ती घरं बदलत नाहीत. माझीच चूक. बारा वर्षं मनात आहे.”

बायकोने ओठांतल्या टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या गादीत टोचल्या. “ताई, एक काम करा. हे सांगू नका.”

“पण मुलीला अडवून बसलेत ते.”

“मुलीला ते आकड्यासाठी नाही अडवत. आकडा नसता तर दुसरं काही काढलं असतं. कवळी काढलीच की. पण सिगरेट सुटली ती आकड्यानेच. दारू कधी घेतली नाही, जिन्यात कोणाशी हाणामारी केली नाही, आजारी असतानाही दाढी करून बसतात. सगळं चार हजार एकशे बारांसाठी. माझ्या एकटीसाठी यातलं काय केलं असतं, ते मला माहीत आहे.”

मोजणीताईने हे कुठे लिहिलं नाही. तिने प्रश्न क्रमांक एक विचारला.

मग मुलगी. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

“पुढच्या बारा महिन्यांत दुसरीकडे राहायला जायचा विचार आहे का?”

“आज. चारच्या बसने.”

“कारण? एक, नोकरी. दोन, शिक्षण. तीन, लग्न. चार, घरातले वाद. पाच, इतर.”

“एक.”

दाराच्या फटीतून लिफ्टकाकांचा आवाज आला. “चार आहे का विचारा. चार असेल तर मी तसं ऐकून घेतो.”

“काका, नियम,” मोजणीताई म्हणाली. पावलं मागे जिन्याकडे गेली.

मुलीने आवाज खाली आणला. “एकच आहे. पण एक सांगते, तुमच्या कागदात बसतं का बघा. त्यांनी ट्रंक उचलली नाही म्हणून मी थांबेन असं नाही. मी जाणार. मामा एक बाजू धरेल, इस्त्रीवाले काका दुसरी. पण या घरातून जाणारं प्रत्येक माणूस त्यांच्या मागून जिना उतरलंय. पुढे ते, पाठीवर सामान, प्रत्येक वळणावर ‘डोकं सांभाळा’ म्हणायचे. मला तसंच जायचंय. नाहीतर मी गेले असं होणार नाही, मी निसटले असं होईल.”

कागदात ते बसलं नाही. मोजणीताईने ‘एक’वर बोट ठेवलं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी सगळे बाहेरच्या खोलीत होते. उरलं होतं ते फक्त घरातल्या माणसांची यादी पक्की करणं आणि कर्त्याची सही. मोजणीताईने टॅब पुढे केला. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक आकडा होता; आधीच्या फेऱ्यांत तो कर्त्याला दिसत नसे. लिफ्टकाकांनी चष्मा लावला.

“हे काय? चार हजार तीनशे सत्त्याऐंशी?”

मोजणीताई क्षणभर बायकोकडे बघत राहिली. “आकडा दर फेरीला बदलतो, काका. यादीतली काही घरं या वेळी मिळाली नाहीत. काही कुलूप लावून गेली, काहींनी नको म्हटलं. मग जी उरतात त्यांच्या वाट्याला थोडी थोडी जास्त येतात.”

“पावणेतीनशे घरं,” लिफ्टकाका म्हणाले. त्यांनी हे तोंडी काढलं. “पावणेतीनशे घरं माझ्यावर चढवली आणि मला विचारलंही नाही. लिफ्टमध्ये असं केलं असतं तर मी नोकरीला मुकलो असतो.”

“पाटी बदलावी लागणार,” मामा म्हणाला.

“तू गप्प. आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांना काही नाही? ते सुटले? मी इथे मीठ सोडून बसलोय.”

“आणि मी गेले की आणखी बदलेल का?” मुलीने विचारलं. ते तिने सहज विचारलं असावं. याबद्दल खोलीतल्या माणसांची मतं वेगळी आहेत. तिच्या आईच्या मते ती सहज काहीच विचारत नाही.

मोजणीताईने सांगितलं ते नियमात आहे. यादीतल्या घरातलं माणूस दुसऱ्या शहरात गेलं तर मोजणी त्याला सोडत नाही. पत्ता घेते, तिथे जाते. ते माणूस जिथे राहील ते घरही यादीत धरतात. आणि या घराच्या नावावरची घरं दोन्हीकडे वाटली जातात.

खाली इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीचा ठक आवाज ऐकू आला.

“वाटली जातात म्हणजे?” लिफ्टकाका.

“साधारण निम्मी निम्मी.”

“माझी निम्मी घरं ही घेऊन जाणार?”

“मी मागितली नाहीत, बाबा.”

“हातातून मीठ जावं तशी चालली बारा वर्षं सांभाळलेली घरं. सिगरेट मी सोडली आणि घरं हिला.”

“तुम्हाला जड होतायत ना? आत्ताच म्हणालात.”

लिफ्टकाका पुन्हा ट्रंकेवर बसले. मग त्यांनी विचारलं, “तिथे हिच्याकडे कोण जाणार? तुम्ही?”

“तिथली दुसरी ताई.”

“हेच प्रश्न?”

“हेच.”

“दोन वेळा जेवता का, हा आहे?”

“एक्केचाळिसावा.”

“झोप लागते का?”

“त्रेचाळीस.”

“जवळ कोणी आहे का, अडीअडचणीला?”

“सत्तावन्न. आणि ते एकटीला विचारतात, त्यामुळे खरं सांगतात माणसं.”

“दर तीन वर्षांनी,” लिफ्टकाका म्हणाले. “दर महिन्याला का नाही जात तुम्ही लोक? काय करता बाकीचे दिवस?”

“दर महिन्याला फोन करायला आई-बाप असतात,” बायको म्हणाली. “मोजणीने तेवढं त्यांच्यावर सोडलंय.”

साडेतीन वाजता लिफ्टकाका उठले, ट्रंक वजनकाट्यावर ठेवायला सांगितली आणि स्वतः वाकून आकडा वाचला. एकतीस किलो चारशे ग्रॅम.

“काय भरलंय हिच्यात?”

“कपडे. आणि प्लास्टरचे जबडे. सतरा.”

“कोणाचे?”

“पहिला तुमचा आहे,” मुलगी म्हणाली. “साचा जवळ असला तर कवळी तिथूनही करून पाठवता येते. आरशात बघत बसू नका, नुसतं फोनवर सांगा कुठे टोचतंय ते.”

आपला जबडा नऊ तासांवर राहायला जाणार, ही माहिती लिफ्टकाकांना नवी होती. त्यांनी ती चेहऱ्यावर काही न दाखवता ऐकली. फक्त जिभेने कवळी एकदा दाबून बघितली. मग पंचा खांद्यावर टाकला, ट्रंक पाठीवर घेतली आणि म्हणाले, “मागून या. डोकं सांभाळा.”

मुलगी मागे, तिच्यामागे आई, मग टॅब घेतलेली मोजणीताई, मग मामा आणि मास्तरीणबाई. सही झालेली नव्हती. यादीत माणसं किती, ती जागा रिकामीच होती.

तिसरा मजला आणि दुसरा मजला यांच्यामधल्या वळणावर लिफ्टकाकांनी ट्रंक टेकवली. ते थकलेले नव्हते, ते हिशेब करत होते.

“चार हजार तीनशे सत्त्याऐंशीचे निम्मे,” ते म्हणाले, “दोन हजार एकशे त्र्याण्णव. आणि वर एकेक अर्धं.”

मोजणीताईने तोंड उघडलं. हिशेब असा सरळ मधोमध होत नाही, तो कार्यालयात होतो, जिन्यात होत नाही, हे तिला सांगायचं होतं. बायकोने तिच्याकडे बघितलं. तिने तोंड मिटलं.

“माझ्या वाट्याचं अर्धं घर तू ठेव,” लिफ्टकाका मुलीला म्हणाले.

“नको बाबा. तुम्ही ठेवा. मी नवीन आहे, मला पूर्णच सांभाळता आली तर पुरे.”

“अर्ध्याला काय लागतं? एक खोली, एक भांडं. ठेव.”

“तुमच्याकडे आईपण आहे. तुम्ही दोघं आहात. अर्धं तुमच्याकडे जास्त सुखात राहील.”

“दोघं,” लिफ्टकाका म्हणाले, आणि तिथे ते जरा थांबले. हा आकडा त्यांनी त्याआधी तोंडाने म्हटला नव्हता.

मामा वरच्या पायरीवरून म्हणाला, “भाऊजी, एक सुचवू का? मला लिहा. म्हणजे तीनचे तीन राहतील. आणि आता निम्मीच घरं आहेत, म्हणजे मेहुणेही निम्मेच.”

“दोन हजार एकशे त्र्याण्णव मेहुणे थोडे वाटतात तुला?”

“साडेत्र्याण्णव,” मास्तरीणबाईंनी दुरुस्ती केली. “अर्धं घर तुम्ही ठेवलंत तर.”

“अर्ध्या घरात अर्धा मेहुणा,” बायको म्हणाली. “तो कमी खाईल.”

मुलगी हसली. लिफ्टकाका हसले नाहीत, पण त्यांनी ट्रंक पुन्हा पाठीवर घेतली आणि दुसऱ्या मजल्याच्या सपाटीपर्यंत नेली. तिथे ती त्यांनी टेकवली. मोजणीताईने टॅब पुढे केला आणि शेवटचा प्रश्न तिसऱ्यांदा वाचला. “आज या घरात किती जण राहतात?”

त्यांनी आधी मुलीकडे बघितलं, मग मामाकडे. मामाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

“किती दिवस राहणार आहेस?” लिफ्टकाकांनी त्याला विचारलं.

मामाचं उत्तर नऊ वर्षं तयार होतं. या वेळी त्याने ते लगेच दिलं नाही.

खालून इस्त्रीवाल्याने हाक मारली की बस कोपऱ्यावर लागली आहे आणि चालक चहा पितोय, ग्लास अजून अर्धा भरलेला आहे. तेव्हा तीन वाजून बावन्न मिनिटं झाली होती. ट्रंक दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं. लिफ्टकाकांच्या एका हातात टॅबची लेखणी होती, दुसरा हात ट्रंकेच्या कडीवर. मोजणीताईच्या संस्थेत या घराची स्थिती तेव्हा ‘अपूर्ण, काम चालू’ अशी दिसत होती.